घरातील वायफायचा बिघाड : आधी निदान की आधी उपाय?

घरातील वायफाय बिघडते तेव्हा ते बहुधा पूर्णपणे बंद पडत नाही. सकाळी सुरळीत चाललेली जोडणी रात्री नऊनंतर अडखळू लागते, दिवाणखान्यात चित्रपट अखंड दिसत असताना मागच्या खोलीत परीक्षेचे पान उघडत नाही, आणि तक्रार नोंदवून तंत्रज्ञ घरी येईपर्यंत सारे पूर्ववत झालेले असते. कायम राहणाऱ्या दोषापेक्षा असा येऊनजाऊन असणारा दोष शोधणे अवघड असते, कारण तो प्रकट झाला त्या वेळी नेमके काय चालले होते याची नोंद कोणाकडेच नसते. या अडचणीवर दोन मते ऐकू येतात. साधन बदलावे, वेळ वाचवावा, हे पहिले मत. आणि दोष कोठे आहे हे ठरल्याखेरीज काहीही बदलू नये, हे दुसरे. वादविषय पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त अशा क्रमाने मांडण्याची जी परंपरा भारतीय शास्त्रग्रंथांत आहे, तिला अनुसरून ही दोन्ही मते येथे समोरासमोर ठेवली आहेत. उदाहरण म्हणून महाराष्ट्रातील शहरांत सर्रास आढळणारी दोन शयनगृहांची सदनिका घेतली आहे : फायबरची तार दिवाणखान्याच्या खिडकीतून आत आलेली, राउटर टीव्हीच्या कपाटात ठेवलेला, आणि राउटर व मागची खोली यांच्यामध्ये दोन भिंती, न्हाणीघर आणि त्याच्या माळ्यावरची पाण्याची टाकी.

पूर्वपक्ष : घरात येणारी एकच इंटरनेट जोडणी अनेक उपकरणांत वाटून देणारे यंत्र म्हणजे राउटर, आणि या व्यवस्थेत सर्वांत लवकर जुने होते ते हेच यंत्र. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने वायफायचे पहिले मानक, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ठरवलेली नियमावली, १९९७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. पुढे १९९९, २००९, २०१३ आणि २०२१ मध्ये आलेल्या मानकांनी तो कित्येक हजार पटींनी वाढवला. ज्या घरात पूर्वी दोन मोबाइल होते तेथे आता टीव्ही, लॅपटॉप, दारावरचा कॅमेरा आणि प्रत्येकाचा स्वतंत्र फोन आहे. जुन्या यंत्राकडून या साऱ्या भाराची अपेक्षा ठेवायची आणि ते थकले की कारणे शोधत बसायचे, यापेक्षा नवा राउटर आणणे सरळ आणि स्वस्त पडते.

उत्तरपक्ष : राउटर जुना असू शकतो हे मान्य आहे, पण अडखळण्याचे कारण तोच आहे हे अजून सिद्ध झालेले नाही. संकेतस्थळावरचे एक पान फोनवर उघडते तेव्हा माहिती अनेक टप्पे पार करून येते : सेवा देणाऱ्या कंपनीचे जाळे, इमारतीपर्यंत आलेली फायबर, प्रकाशाच्या स्पंदनांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारी ओएनटी नावाची पेटी, तिच्यापासून राउटरपर्यंतची तार, राउटर, हवेतला प्रवास आणि शेवटी खुद्द फोन. नवा राउटर यांपैकी एक टप्पा बदलतो आणि फार तर दुसऱ्याला मदत करतो. बाकीचे जसेच्या तसे राहतात. कोणता टप्पा निकामी आहे हे पाहण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिलेला ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम आज बहुतेक संगणकांत असतोच; तो ठरलेल्या पत्त्यावर एक लहानसा संदेश पाठवतो आणि उत्तर किती मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या किती हजाराव्या भागांत, परत आले ते सांगतो. एका खिडकीत राउटरचा घरातला पत्ता, जो बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरचा ८.८.८.८ हा सार्वजनिक पत्ता, अशी दोन पिंग अडखळण्याच्या वेळी शेजारीशेजारी चालू ठेवली की अर्धा वाद तेथेच मिटतो. राउटरकडून उत्तरे दोन-पाच मिलिसेकंदांत येत असतील आणि बाहेरचीच गळत असतील, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे आहे आणि नवा राउटर आणून पैसे बहुधा वायाच जातील. उलट राउटरकडूनच उत्तर यायला शंभर मिलिसेकंद लागत असतील किंवा ते येतच नसेल, तर दोष घरातल्या हवेत, राउटरमध्ये किंवा त्या उपकरणात आहे आणि कंपनीकडे केलेल्या तक्रारीतून काही निष्पन्न होणार नाही.

पूर्वपक्ष : एवढी खटपट करण्याची गरज सर्वसाधारण घराला का पडावी? फोनवर वायफायच्या साऱ्या रेघा भरलेल्या दिसतात, म्हणजे ‘रेंज’ आहे. तरीही नेट चालत नाही, म्हणजे दोष कंपनीचा. शिवाय राउटर बंद करून चालू केला की पुष्कळदा सारे ठीक होते. ज्या उपायाला अर्धा मिनिट लागतो तो सोडून अर्धा तास मोजमाप करणे हा वेळेचा अपव्यय आहे.

उत्तरपक्ष : त्या रेघा केवळ एवढेच सांगतात की राउटरचा आवाज फोनला किती मोठा ऐकू येतो, फोनचा आवाज राउटरपर्यंत किती पोहोचतो हे त्या सांगत नाहीत, आणि फोनची प्रक्षेपणशक्ती सहसा राउटरपेक्षा कमी असते. आवाजाभोवती गोंगाट किती आहे हेही त्यांतून कळत नाही. त्यापेक्षा डेसिबल-मिलिवॉट या मापातला आकडा उपयोगी पडतो. एक मिलिवॉट शक्ती म्हणजे शून्य असे मानून हे माप मोजले जाते आणि दर दहा अंकांना शक्ती दहापटीने बदलते, त्यामुळे उणे ६० आणि उणे ८० यांच्यात वीस अंकांचे अंतर दिसले तरी प्रत्यक्षात शक्ती शंभराव्या भागावर आलेली असते. उणे ६७ च्या आसपास व्हिडिओवरचे संभाषण सहसा नीट चालते आणि उणे ८० च्या खाली ते बहुधा तुटते. मोबाइलवरची साधी वायफाय तपासणारी अ‍ॅप हा आकडा दाखवतात.

राउटर बंद-चालू करण्याबद्दल अधिक सावध राहायला हवे. त्या अर्ध्या मिनिटात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात : राउटरची साचलेली स्मृती रिकामी होते, तो कंपनीकडून नव्याने पत्ता घेतो, आणि स्वयंचलित निवड चालू असेल तर हवेतला कमी गजबजलेला मार्ग नव्याने निवडतो. यांपैकी कशामुळे गुण आला हे कळत नाही, आणि दोषाच्या खुणाही त्याच क्षणी पुसल्या जातात. कधी राउटर आपणहूनच बंद-चालू होत असतो. त्याच्या अ‍ॅडॉप्टरमधला संधारित्र, म्हणजे विद्युतप्रवाहातले चढउतार सावरणारा घटक, उष्णतेने आणि वयाने क्षीण झाला की भार वाढताच व्होल्टेज खाली येते आणि यंत्र पुन्हा सुरू होते. राउटरच्या व्यवस्थापन पानावर ‘अपटाइम’ या नावाने तो शेवटचा सुरू झाल्यापासून किती वेळ चालू आहे ते लिहिलेले असते. घरात कोणी हात लावलेला नसताना तेथे केवळ चाळीस मिनिटे दिसत असतील, तर त्याच व्होल्टेजचा आणि तितकाच किंवा अधिक अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावून पाहणे हा पहिला उपाय ठरतो, आणि तो नव्या राउटरच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात होतो.

पूर्वपक्ष : मागच्या खोलीचा प्रश्न मात्र निर्विवाद आहे. तेथे सिग्नल पोहोचत नाही हे आकड्यानेही दिसते. मग अधिक शक्तीचा, चार-सहा अँटेनांचा राउटर, किंवा मध्ये एक एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र, बसवण्यात काय चूक आहे?

उत्तरपक्ष : चूक उपायात नसेलही, त्याच्या क्रमात आहे. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्याची सुमारे सहा. पहिला पट्टा भिंतींतून तुलनेने बरा जातो, दुसरा अधिक वेग देतो पण लवकर क्षीण होतो. धातू या लहरी परत फेकतो आणि पाणी त्या शोषते. म्हणून टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या आड किंवा आरशाशेजारी ठेवलेला राउटर सुरुवातीलाच बराच भाग गमावतो, आणि मार्गात आरसीसीचा खांब, फरशा लावलेले न्हाणीघर व माळ्यावरची भरलेली टाकी असेल तर उरलेलाही फारसा पुढे जात नाही. कोकणातील जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात हीच अडचण पावसाळ्यात वाढू शकते, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो. अँटेनाचेही असेच आहे : उभ्या काडीसारख्या अँटेनातून लहरी सर्व दिशांना सारख्या जात नाहीत, त्यांचा विस्तार मेदूवड्यासारखा असतो, अँटेना जणू त्याच्या भोकातून उभी, त्यामुळे अँटेना उभी ठेवली की त्याच मजल्यावर सिग्नल दूर जातो आणि वरच्या-खालच्या मजल्यावर कमी पोहोचतो. राउटर कपाटातून काढून दिवाणखाना आणि मार्गिका यांच्या सांध्यावर, डोक्याच्या उंचीला, टाकी टाळून मागच्या खोलीचे दार ‘दिसेल’ अशा जागी लावला तर पुष्कळदा दहा-पंधरा अंकांची सुधारणा विनाखर्च मिळते.

शक्ती वाढवण्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण वायफाय हे दुतर्फा संभाषण आहे आणि राउटर मोठ्याने बोलू लागला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. एक्स्टेंडर एकाच रेडिओने ऐकत आणि बोलत असेल तर प्रत्येक संदेश हवेतून दोनदा जातो आणि उपलब्ध वेग साधारण निम्मा होतो. नवे यंत्र जुन्यालाच चुकीच्या रीतीने जोडले तर नवा दोषही निर्माण होतो : कंपनीची पेटी आणि घराचा राउटर हे दोघेही घरातल्या उपकरणांना पत्ते वाटू लागतात, आणि मग एखाद्या फोनला वायफाय जोडलेले दिसते पण बाहेर जाण्याची वाट चुकीची मिळालेली असते. उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कोणाकडूनच पत्ता मिळाला नाही, असा त्याचा स्पष्ट अर्थ आहे.

पूर्वपक्ष : जागा बदलून मागची खोली सुधारेल, हे मान्य करता येईल. परंतु रात्री नऊनंतर दिवाणखान्यातही जोडणी अडखळते, तेथे भिंतीचा संबंध नाही. इमारतीत पन्नास घरांचे पन्नास राउटर आहेत. त्या गर्दीत स्वतःचा आवाज वर काढल्याशिवाय गत्यंतर कोणते?

उत्तरपक्ष : हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे घराची हवा आणि शेजाऱ्याची हवा एकच असते. एकाच रेडिओ मार्गावर अनेकांनी कसे बोलावे, हा प्रश्न हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ मध्ये अलोहा नावाच्या जाळ्यात सोडवून दाखवला : निरनिराळ्या बेटांवरचे संगणक एकाच मार्गावर संदेश पाठवत, आणि दोन संदेश एकमेकांवर आदळले तर प्रत्येक जण यदृच्छेने ठरलेला थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवी. वायफायने त्यात आधी ऐकण्याची शिस्त जोडली. प्रत्येक उपकरण मार्ग मोकळा आहे का ते ऐकते आणि मगच बोलते. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे १३ मार्ग, म्हणजे चॅनेल आहेत. पण ते एकमेकांपासून केवळ ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात आणि एक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंदी व्यापते, त्यामुळे एकमेकांवर न येणारे असे व्यवहारात १, ६ आणि ११ हे तीनच उरतात. दोन शेजारी सहाव्या चॅनेलवर असले तर ते एकमेकांना ओळखतात आणि पाळीपाळीने बोलतात. परंतु एखाद्याने ‘मोकळा दिसतो’ म्हणून तिसरा चॅनेल निवडला, तर तो पहिल्या आणि सहाव्या अशा दोन्ही गटांच्या कानी केवळ गोंगाट म्हणून पडतो आणि स्वतःही दोघांचा गोंगाट ऐकतो. वेग वाढवण्यासाठी या पट्ट्यात ४० मेगाहर्ट्झची रुंदी निवडणे म्हणजे सामाईक जागेचा अर्धा भाग एकट्याने अडवणे होय. प्रत्येकाने आपला आवाज वर काढला तर कोणाचेच बोलणे नीट ऐकू येत नाही, आणि त्याचा त्रास आवाज वाढवणाऱ्यालाही होतो.

गर्दीवरचा खरा उपाय ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, कारण तेथे चॅनेल अधिक आहेत आणि भिंतींमुळे शेजाऱ्याचा आवाजही कमी येतो. भारत सरकारने २०१८ मध्ये या पट्ट्यातला मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला केला. मात्र त्यातील काही चॅनेल रडारही वापरतात, म्हणून रडारची चाहूल लागताच राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर बोलण्याआधी किमान एक मिनिट ऐकत राहावे लागते. एखाद्या घरात जोडणी दिवसातून एकदोनदा मिनिटभर नाहीशी होऊन परत येत असेल तर हेही कारण असू शकते, आणि ३६ ते ४८ या गटातला चॅनेल निवडून त्याची परीक्षा करता येते. गोंगाटाचा उगम घरातही असतो : मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि यूएसबी ३ च्या जोडणीतून याच पट्ट्यात गोंगाट पसरतो हे इंटेल कंपनीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले आहे.

तरीही रात्रीचा दोष हवेचाच आहे असे आधीच धरून चालता येत नाही. लॅपटॉप तारेने राउटरला जोडून त्याच वेळी पुन्हा मोजावे. तारेवरही बाहेरचे पिंग अडखळत असेल तर दोन शक्यता उरतात. एक, कंपनीच्या जाळ्यावरच त्या वेळी भार आहे. दुसरी, ज्याला जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ असे नाव दिले तो दोष : घरातला एखादा फोन दिवसभराची छायाचित्रे वर चढवू लागतो, राउटर किंवा ओएनटी ते संदेश टाकून न देता लांबलचक रांगेत उभे करते, आणि त्या रांगेमागे अडकलेल्या व्हिडिओ संभाषणाला शेकडो मिलिसेकंद थांबावे लागते, जरी वेग मोजणारी चाचणी उत्तम आकडा दाखवत असली तरी. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली रांग आवरण्याची पद्धत आज अनेक राउटरांत असते, आणि ती चालू करून राउटरची वेगमर्यादा प्रत्यक्ष जोडणीपेक्षा किंचित कमी ठेवली की हा दोष बहुतांशी जातो. तारेची परीक्षाही याच वेळी होते. तीनशे मेगाबिटची जोडणी असूनही वेग नेमका ९४ च्या आसपास अडकून राहत असेल, तर राउटर आणि ओएनटी यांच्यामधल्या तारेतली एखादी जोडी तुटलेली असण्याचा दाट संभव असतो, कारण सेकंदाला हजार मेगाबिटच्या जोडणीला तारेच्या चारही जोड्या लागतात आणि शंभराच्या जोडणीला दोन पुरतात.

पूर्वपक्ष : हे सारे शास्त्रशुद्ध असले तरी एक गोष्ट त्यात सुटते. सेवेचे पैसे दरमहा भरले जातात, आणि मोजमाप करणे हे ते पैसे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. ज्या वृद्धांना डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचे आहे, किंवा ज्या विद्यार्थिनीची परीक्षा दहा मिनिटांवर आली आहे, त्यांना पिंग आणि चॅनेल शिकवणे म्हणजे सेवा देणाऱ्याचा भार ग्राहकाच्या खांद्यावर टाकणे आहे. नवा राउटर निदान त्यांच्या हातातला उपाय आहे.

उत्तरपक्ष : कर्तव्य कोणाचे, याबद्दल मतभेद नाही, सेवा नीट चालवणे हे ती विकणाऱ्याचेच काम आहे. परंतु येऊनजाऊन असणारा दोष तंत्रज्ञासमोर प्रकट होत नाही, आणि ‘नेट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवर त्याला करता येण्यासारखे फारसे काही नसते. ओएनटीवरचा ‘एलओएस’ हा दिवा लाल होतो तेव्हा फायबरमधून प्रकाशच येत नसतो. तिच्या व्यवस्थापन पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती उणे २७ डेसिबल-मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याखाली दिसत असेल तर प्रकाश क्षीण आहे, आणि कपाटामागे फायबर तीव्र कोनात वाकलेली असणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. वीज गेल्यावर घरातला इन्व्हर्टर चालू असूनही जोडणी जात असेल, तर एक तर ओएनटी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर नाही, किंवा इमारतीतल्या केबलवाल्याच्या पेटीला पर्यायी वीज नाही. पहिला दोष घराचा, दुसरा सेवेचा. अशा निरीक्षणांनिशी केलेली तक्रार टाळणे कठीण असते. निदानाचा लाभ दुर्बल ग्राहकालाच सर्वाधिक होतो, कारण दर दोन वर्षांनी नवे यंत्र आणणे त्यालाच सर्वांत महाग पडते.

सिद्धान्त : दोन्ही पक्षांत ग्राह्य असे काही आहे. घर ही प्रयोगशाळा नाही, आणि तातडीच्या वेळी मोबाइलचा डेटा वापरून काम उरकणे हेच शहाणपणाचे असते, हे पूर्वपक्षाचे म्हणणे बरोबर आहे. उपायाची निवड दोषाच्या ठिकाणावरून व्हावी, हे उत्तरपक्षाचे म्हणणेही बरोबर आहे, आणि ते ठिकाण ठरवायला थोडीच निरीक्षणे पुरतात. आधी दिवे, अ‍ॅडॉप्टर आणि अपटाइम पाहावा. मग राउटरला आणि बाहेरच्या पत्त्याला एकाच वेळी पिंग करावे. बाहेरचेच अडखळत असेल तर तेच मोजमाप तारेवर करावे. राउटरचेच अडखळत असेल तर आधी जागा आणि मग चॅनेल बदलावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तारीख, वेळ, खोली, उपकरण व आकडे एका वहीत लिहावे, कारण स्मरणातल्या ‘नेहमी’ आणि ‘कधीकधी’ यांवरून कारण ठरत नाही.

या निरीक्षणांनंतर खरेदी करावी लागली तर ती नेमकी होते. राउटरला ५ गिगाहर्ट्झचा पट्टाच नसेल, त्याला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद झाले असेल, किंवा अ‍ॅडॉप्टर बदलूनही तो आपणहून बंद-चालू होत असेल, तर पूर्वपक्षाचा उपाय निःशंक स्वीकारावा. जागा बदलूनही मागची खोली कोरडी राहत असेल, तर तेथवर तार ओढून दुसरे प्रक्षेपणकेंद्र बसवावे. एका बळकट राउटरपेक्षा ही मध्यम शक्तीची दोन केंद्रे घरालाही उपयोगी पडतात आणि शेजाऱ्यालाही कमी त्रास देतात. गृहनिर्माण संस्थेतील घरांनी २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ एवढेच चॅनेल व २० मेगाहर्ट्झचीच रुंदी वापरण्याचे ठरवले, तर कोणताही खर्च न करता साऱ्या इमारतीची स्थिती सुधारू शकते. दोषाचे ठिकाण ठरवणे म्हणजे उपायाला उशीर, हा पूर्वपक्षाचा मूळ गैरसमज होता. दोष कपाटातली जागा, सैल तार किंवा चुकीचा चॅनेल असा निघतो त्या घरांत तो सापडणे आणि दूर होणे यांत पाच मिनिटांचेही अंतर राहत नाही.